जेवायचा हात

तोक्योजवळच्या ग्योतोकुत, आमच्या बाल्कनीत, बिडाचा तवा पालथा घालून त्यावर मी ठोकलेली तांब्याची एक चकती अकरा दिवस एका वस्तुसंग्रहालयात दीड हजार वर्षं जुनी म्हणून काचेच्या पेटीत होती. ती तिथे मीच ठेवली होती. खरी चकती त्या वेळी आमच्या स्वयंपाकघरात, लोणच्याच्या बरणीमागे, कापडी पिशवीत होती. तिला मी चिंच लावली.

एवढं एका दमात सांगून टाकलं की हलकं वाटतं. आता बाईंविषयी बोलता येईल. खरं तर मला बाईंविषयीच बोलायचंय. पण त्यांची कुठलीही गोष्ट सांगायला घेतली की मधेच मी कडमडतो.

बाईंना बाई म्हणायला मी सुरुवात केली. पहिल्या दिवशी काकू म्हणालो होतो. "काकू नको," त्या म्हणाल्या. "तुमच्या काकांना मी पाहिलेलं नाही, आणि तुमच्याकडे बघून पाहावंसंही वाटत नाही." मग बाई. आमचे संग्रहालयप्रमुख, ज्यांना तिथे सगळे कान्चो म्हणतात, त्यांनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहराच उतरला. इतकी वर्षं आपण या बाईंना चुकीच्या नावाने हाक मारत होतो की काय! जपानी माणसाला असली शंका जेवू देत नाही. पुढच्याच आठवड्यात बाईंच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर आडनावाच्या जागी 'बाई' छापून आलं. बाई-सान. जपानीत 'बाई' म्हणजे दुप्पट.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "काम दुप्पट करतेच मी. आता नावाला तरी जागलं."

मी तिथे कसा पोचलो ते थोडक्यात सांगतो. बायकोची बँकेतर्फे तोक्योला बदली झाली आणि मी तिच्या व्हिसाला लटकून आलो. ठाण्यात मी विमा विकत होतो. इथे माझा विमा काढायला कुणी तयार नव्हतं. सहा महिने मी घरी बसून जपानी दुधाच्या खोक्यावरची अक्षरं वाचली. शेवटी बायको म्हणाली, "अरे, कुठेतरी बाइतो बघ. खोक्याशी बोलायला लागलायस तू." बाइतो म्हणजे इथली अर्धवेळ नोकरी. तोझाई लाइनवर चार स्टेशनं पुढे एक छोटं खाजगी संग्रहालय होतं आणि त्यांना इंग्रजी चिठ्ठ्या तपासायला माणूस हवा होता. पेरूशी मासळीचा व्यापार करता करता एका शेठजींनी जमवलेली अँडीज पर्वताकडची प्राचीन भांडी आणि धातूच्या वस्तू, असा तो संग्रह. इमारत दुमजली. खालच्या मजल्यावर दाताचा डॉक्टर. आमचे निम्मे प्रेक्षक गालाला हात लावूनच वर यायचे.

बाई तिथे आधी धूळ पुसायला लागल्या होत्या. नवऱ्याबरोबर आल्या, नवरा इथेच गेला. परतीचं तिकीट काढलं आणि तारीख पुढे ढकलत ढकलत पस्तीस वर्षं काढली. मी गेलो तेव्हा सत्तरीला टेकल्या होत्या. सगळ्या पेट्यांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. खोचलेल्या पदराला किल्ल्या लावायची सवय असल्यामुळे त्या जपानी एप्रनलाही एक बाजू उचलून खोचायच्या.

सकाळी आल्या की आधी मडक्यांची विचारपूस. तिकडच्या प्राचीन कुंभारांना माणसांचे हुबेहूब चेहरे घडवण्याचा नाद होता. पाणी ठेवायचं भांडं, पण त्याला नाक, डोळे, गाल, सुरकुत्या आणि कपाळावरची आठीसुद्धा. अशी अकरा मुंडकी आमच्याकडे होती आणि बाईंनी त्यांना सासर-माहेर वाटून दिलं होतं.

"हे माझे थोरले दीर. बघा कसे बघतायत, जसं काही वरणात मीठ मीच कमी घातलंय. हा मामेभाऊ. माझ्या लग्नात रुसला, तो रुसवा अजून उतरलेला नाही. ह्या आत्याबाई. मिशा आहेत, पण आत्याबाईच."

"आणि हा?" मी एका हसऱ्या चेहऱ्यासमोर उभा राहून जरा आशेने विचारलं.

"हा कुणी नाही, हा भला माणूस आहे. तुम्ही तिकडे." त्यांनी बोट दाखवलं तिथे बदकाच्या आकाराचा एक बुधला होता. चोच उघडी, आत पोकळ.

त्या बदकाची एक गंमत होती. दोन पोटांचा बुधला. पाणी भरून कलता केला की हवा सरकते आणि शिट्टी वाजते. खऱ्याला हात लावायची सोय नव्हती, पण बाईंनी एका कुंभाराकडून त्याची नक्कल करून घेतली होती. एकदा फुनाबोरीच्या मराठी बायकांचा गट मुलाबाळांसकट संग्रहालय पाहायला आला. मी मोठ्या तोऱ्यात प्राचीन संस्कृतीवर भाषण सुरू केलं आणि मागून बाईंनी बदक कलतं केलं. शिट्टी. सगळ्या बायकांनी एकदम मान वर केली. बाईंनी पुन्हा कलतं केलं. "दोन," कुणीतरी सवयीने म्हणालं. तिसऱ्या शिट्टीला एक जण खरंच ओरडली, "अगं बंद करा, गाळ होईल!" आणि मग सगळ्या दालनभर जे हसू फुटलं ते ऐकून खालचा दंतवैद्य ड्रिल हातात घेऊन वर आला. एक छोटी मुलगी कानावर हात ठेवून "उरुसाई!" म्हणाली, म्हणजे 'गप्प बसा की'. माझं भाषण तिथे संपलं ते संपलंच.

बाई प्रत्येक वस्तूला बोटाच्या पेराने टिचकी मारून बघत. सवयच ती. नाशकातल्या एका तांबटाच्या त्या लेक. हंडे, कळश्या, घंगाळं यांच्या ठोक्यांत त्या वाढल्या. दुकानात पातेलं घेताना टिचकी, स्टेशनवरच्या कठड्याला टिचकी, आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आल्या तेव्हा बायकोच्या कढईला टिचकी. "ही कढई नाही हो," त्या बायकोला हळूच म्हणाल्या, "हा पत्रा आहे. कढईचं सोंग घेतलंय." ती कढई मी आणलेली होती, हे बायकोने त्यांना लगेच सांगितलं.

त्याच जेवणात त्यांनी मला पकडलं. मी पोळी-भाजी उजव्या हाताने खाल्ली आणि मग बायकोने केलेल्या नूडल्ससाठी चॉपस्टिक उचलल्या. डाव्या हातात.

"तुम्ही डावखुरे!" बाईंचा आवाज असा, जसं काही मी सोन्याची खाण लपवून बसलो होतो.

"होतो," मी म्हणालो. "आईने सोडवलं."

आमच्याकडे डाव्या हाताने जेवणं म्हणजे घराण्याला बट्टा. आई पाटावर बसली की माझा डावा हात स्वतःच्या गुडघ्याखाली दाबून ठेवायची. मी उजव्याने जेवायला शिकलो, लिहायलाही शिकलो. पण डोक्यात जो गोंधळ बसला तो बसलाच. आजही मला कुणी 'उजवीकडे वळा' म्हटलं की मी क्षणभर थांबतो आणि मनात विचारतो, जेवायचा हात कुठला? तो उजवा. मग वळतो. ही खूण आईनेच दिलेली. फक्त आईने जेवायच्या हाताचा बंदोबस्त केला, चॉपस्टिकचा करायचं तिला सुचलं नव्हतं. तिच्या कल्पनेत तिच्या मुलाने दोन काड्यांनी शेवया खाणं बसणारच नव्हतं.

बाई ऐकून घेत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "उद्या हातोडी धरायची."

त्याचं कारण धातूच्या दालनातल्या शेवटच्या पेटीत होतं. तळहाताएवढी एक गोल चकती. छातीवर मिरवायचा दागिना असावा, मधोमध एक चेहरा उठवलेला, सगळी हिरवी पडलेली. खाली चिठ्ठी: 'चकती. तांबे. ठोकून घडवलेली.' बाईंचं म्हणणं, हे नुसतं तांबं नाही, "आवाजात कुणीतरी पाहुणं आहे." पण ते राहू दे. त्यांचं दुसरं म्हणणं असं, की ही घडवणारा डावखुरा होता. पत्रा ठोकताना हातोडीची कड किंचित कलते आणि प्रत्येक ठोक्याची बारीक चंद्रकोर उमटते. उजव्या हाताच्या चंद्रकोरी एकीकडे तोंड करतात, डाव्याच्या दुसरीकडे. काठाशी गंज कमी होता तिथे त्यांनी त्या पाहिल्या होत्या.

"माझे वडील डावखुरे होते," त्या एकदा डबा खाता खाता म्हणाल्या. "आमच्याकडची गिऱ्हाइकं म्हणायची, डाव्या हाताचं भांडं देवाला चालत नाही. मग वडील सगळा कलश डाव्या हाताने घडवायचे आणि मठारायची, वरून बारीक ठोके द्यायची, शेवटची फेरी उजव्याने मारायचे. वरून सगळं उजवं दिसावं म्हणून. ती फेरी त्यांना कधी नीट जमली नाही. आयुष्यभर लोक म्हणाले, माणूस चांगला, पण काम जरा थरथरतं." त्यांनी चकतीच्या पेटीकडे हनुवटी केली. "ह्याने लपवलं नाही बघा. काठापर्यंत डावा."

बाईंना एवढंच हवं होतं, की चिठ्ठीवर एक शब्द यावा. हिदारिकिकी. जपानीत डावखुरा. कान्चो नाही म्हणत नव्हते. जपानात नाही म्हणतच नाहीत. ते म्हणायचे, "फारच रोचक आहे, बाई-सान," आणि शर्टाच्या खिशातून फूटपट्टी काढून चिठ्ठी मोजायचे. प्रत्येक चिठ्ठीवर सत्तर अक्षरं हा संस्थापक शेठजींचा नियम. शिवाय पुरावा? तज्ज्ञाचं मत? मार्चअखेरीला बाई निवृत्त होणार होत्या आणि पाडवा झाला की मुलीकडे पुण्याला जाणार होत्या. त्याआधी, फेब्रुवारीच्या शेवटी, कान्चोंचे एक जुने मित्र, विद्यापीठातले प्राध्यापक, संग्रह पाहायला येणार होते. तेवढीच एक संधी. आणि पुरावा म्हणून बाईंना एक नवी चकती हवी होती, आजच्या डावखुऱ्या हाताने ठोकलेली, शेजारी ठेवून दाखवायला.

अख्ख्या तोक्यो परिसरात त्यांना मी सापडलो.

तीन रविवार मी बाल्कनीत ठोकत होतो. बाई शेजारी स्टुलावर बसून. "मनगट, मनगट! डास मारताय का?" एकदा अंगठ्यावर बसली, चकतीवर त्या जागी एक खोल खळगा पडला आणि माझ्या तोंडून जे निघालं ते बाईंनी ऐकलं नाही असं दाखवलं. दुसऱ्या रविवारी खालच्या मजल्यावरच्या आजी लिफ्टमध्ये भेटल्या आणि गोड हसून म्हणाल्या, "वसंत लवकर आला यंदा. सुतारपक्षी ऐकू येतो." मी वाकून आभार मानले, जपानी माणसाला निसर्गाची किती ओढ, असं बायकोला सांगितलं आणि आणखी दोन तास ठोकलं. बाईंना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, तक्रार होती ती! जा, मोची मिठाईचा डबा घेऊन जा आणि सुतारपक्षी मेला म्हणून सांगा."

चकती झाली. ती झकपक गुलाबी, खरी हिरवी. शेजारी ठेवली तर प्राध्यापकांना रंगच दिसेल, ठोके दिसणार नाहीत. बाईंनी त्यावर तोडगा काढला. तांब्यात ताक ठेवलं तर कळकतं, हे मराठी घरात शेंबड्या पोराला ठाऊक असतं. आंबट ताक, मीठ, चार दिवस. माझी चकती अशी कळकली, की गुलाबीचा ठिपकाही उरला नाही. चेहराही बाईंनीच उठवून दिला होता. दोन्ही शेजारी ठेवल्या तर सख्ख्या बहिणी.

प्राध्यापक येणार त्याच्या आदल्या दिवशी पेटी उघडली, पांढरे हातमोजे घालून दोन्ही चकत्या टेबलावर ठेवल्या आणि कान्चोंनी त्या डोळे भरून पाहिल्या. मग ते म्हणाले, की प्राध्यापकांना एकदम दोन्ही दाखवणं म्हणजे त्यांच्या हाताला धरून उत्तर लिहून घेतल्यासारखं होईल. आधी त्यांनी खरी पाहावी, मग हवं तर दुसरी. तेवढ्यात त्यांना फोन आला. डबे खाऊन झालेले. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून सुशी आणली होती, चॉपस्टिक अजून टेबलाच्या कडेलाच होत्या. बाई चहाचं पाणी ठेवायला निघाल्या आणि दारातून म्हणाल्या, "पेटी लावून घ्या. खरी उजवीकडे आहे." मग माझी अडचण आठवून, खास माझ्यासाठी: "जेवायच्या हाताची पेटीत, दुसरी पिशवीत."

मी थांबलो. मनात विचारलं, जेवायचा हात कुठला? आणि आत्ताच चॉपस्टिकने जेवलेला हात प्रामाणिकपणे वर आला.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापक आले. मूळचे मडक्यांचे जाणकार, अत्यंत सौजन्यशील. पेटी उघडू का विचारलं तर "छे, त्रास नको" म्हणाले आणि काचेला नाक लावून, टॉर्च मारून अर्धा तास बघत राहिले. बाई मागे एप्रनचं टोक पिळत उभ्या. शेवटी प्राध्यापक सरळ झाले आणि बाईंकडे वळून वाकले. "हिदारिकिकी. शंकाच नाही." बाईंच्या डोळ्यांत पाणी. मग ते पुढे म्हणाले, "मात्र हा हात... अजून वाटेवर आहे."

मला ते फार काव्यमय वाटलं. तसं मी बाईंना म्हणालोही.

"काव्य कसलं! कच्चा म्हणतायत ते! शिकाऊ!" बाई तशाच आत निघून गेल्या. दुसरी चकती दाखवायचं राहूनच गेलं; ती पिशवी मी घरी नेऊन लोणच्याच्या बरणीमागे ठेवली.

चिठ्ठी बदलली. 'चकती. तांबे. डावखुऱ्या, शिकाऊ कारागिराने ठोकून घडवलेली.' सत्तरात बसली. ज्या एका शब्दासाठी बाईंनी इतकी वर्षं धरून ठेवलं होतं तो आला, आणि त्याच्या शेजारी हा दुसरा येऊन बसला. वडिलांचं तेच नशीब. माणूस चांगला, पण काम थरथरतं. अकरा दिवस त्या पेटीसमोरून मान खाली घालून जायच्या. मडक्यांशी बोलणं बंद. थोरल्या दिरांनासुद्धा काही नाही. "शिकाऊ म्हणे," एवढंच मधूनमधून, किल्ल्यांशी.

मला वाईट वाटलं. वाटलं, निदान माझी चकती चांगली चमकवून द्यावी त्यांना निरोपाला. पाडव्याला तांबं घासतातच. आमच्या घरात तांब्याचं म्हणून एवढंच होतं; गुढीला आम्ही स्टीलचा पेला लावतो. मग एका रविवारी सकाळी निशिकासाईच्या भारतीय दुकानातली चिंच भिजवली, मीठ घातलं, पिशवी काढली आणि अंगठ्याने घासायला लागलो. हिरवं निघालं. खालून गुलाबी यायला हवं होतं. पिवळं आलं.

"हळदीचा हात लागला का गं तुझा?" मी बायकोला विचारलं.

तिने वाकून बघितलं. धुतलं. परत बघितलं. "अरे, तुझ्या अंगठ्याचा खळगा कुठाय?"

खळगा नव्हता. पाच रुपयांच्या नाण्याएवढ्या त्या जागेत बारीक चंद्रकोरी होत्या, ओळीने, एकीसारखी दुसरी, आणि त्या मंद, जुन्या सोन्यासारख्या चमकत होत्या.

"मी काय घासलं?" मी म्हणालो.

"सांगू नकोस मला," बायको म्हणाली. "मी बँकेत नोकरी करते."

पुरणपोळीच्या डब्यात कापूस घालून, डबा पोटाशी धरून मी तोझाई लाइनने गेलो. चार स्टेशनं. समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी माझा चेहरा पाहून मला आपली वृद्धांसाठीची राखीव जागा दिली.

संग्रहालयात बाई आणि कान्चो दोघंही होते. मी डबा टेबलावर ठेवला, उघडला आणि सगळं सांगितलं. चिंचेसकट. कान्चोंनी डब्यात वाकून पाहिलं. मग उठले, शाळेच्या पहिल्या दिवशीच्या मुलासारखे ताठ उभे राहिले आणि कमरेत वाकले. मला नव्हे, चकतीला.

बाईंनी हातमोजा चढवला. चकती कानाशी नेली, पेराने अगदी हलकी टिचकी मारली. भिंग घेतलं. घासलेल्या जागेवर त्यांची मान इतकी खाली गेली, की चष्मा धातूला टेकतो की काय असं मला वाटलं.

"डावखुराच," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने, "शेवटची फेरीसुद्धा डाव्याचीच. एक ठोका थरथरलेला नाही." मग त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. खाली दंतवैद्याचं ड्रिल चालू होतं आणि त्यांच्या किल्ल्या किणकिणत होत्या. मला वाटलं रडतायत. वळल्या तर हसत होत्या, आवाज न करता, पोट धरून, डोळ्यांतून धारा.

"म्हणजे तो शिकाऊ... ते तुम्ही!"

"हो," मी म्हणालो.

"अकरा दिवस मी जळतेय, आणि ते तुमच्याविषयी बोलत होते! देवमाणूस तो प्राध्यापक! काचेतून ओळखलं त्याने!" त्यांना बसावंच लागलं. मग एकदम गंभीर होऊन, "चिंच कुठली?"

"निशिकासाईची."

"जुनी असणार. नवी असती तर चकतीवरचा चेहरासुद्धा खाल्ला असता तुम्ही."

कान्चोंना या हसण्याचा अर्थ समजावून सांगायला अर्धा तास लागला. जेवायचा हात हे प्रकरण जपानीत मांडता येत नाही. मला दोन्ही हातांनी अभिनय करावा लागला. ते ऐकत राहिले, वहीत आकृती काढत राहिले आणि शेवटी म्हणाले, की चूक व्यवस्थेची आहे, टेबलावर वस्तू वरखाली ठेवायला हव्या होत्या. मग माझ्याकडून त्यांनी शिमात्सुशो, म्हणजे घडल्या प्रकाराचा लेखी माफीनामा, तीन वेळा लिहून घेतला. घासलेल्या जागेला पुन्हा हिरवं करता येत नाही; ती तशीच राहणार. त्या दिवसापासून मला छत्र्यांच्या स्टँडपलीकडे हात न्यायची परवानगी नाही.

प्राध्यापक पुन्हा आले. या वेळी पेटी उघडली. त्यांनी चकती हातात घेतली आणि खूप वेळाने म्हणाले, "हा हात पोचलेला आहे." मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली, म्हणजे या वेळी शब्दाचा तोच अर्थ होता. सोनंमिश्रित तांबं, हेही त्यांनी सांगितलं. पाहुणं सापडलं. पण 'सोने' लिहायचं तर अक्षरं वाढत होती. कान्चोंनी फूटपट्टी काढली, श्वास रोखला आणि पेन्सिलीने 'शिकाऊ' खोडलं. बरोबर बसलं.

माझी चकती मुलांच्या कोपऱ्यात गेली, शिट्टीच्या बदकाशेजारी. 'हात लावायला हरकत नाही' असं तिच्याखाली लिहिलंय. शिकाऊ हा शब्दही वाया गेला नाही. तिथे तो आला.

पाडव्याच्या दिवशी बाईंनी संग्रहालयात साखरेची माळ आणली. पहिला खडा थोरल्या दिरांसमोर ठेवला, एक आत्याबाईंसमोर आणि मग शेवटच्या पेटीसमोर जाऊन, नवी चिठ्ठी मोठ्याने वाचून, काचेवर पेराने हळूच टिचकी मारली. परत येऊन माझ्यापुढे माळ धरली. प्रसाद उजव्या हाताने घ्यायचा असतो. मी थांबलो, मनात विचारलं आणि खात्री वाटेना म्हणून दोन्ही हात पुढे केले. साखर हातांच्या मधून खाली पडली.

बाईंनी पडलेल्या साखरेकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे.

"आईंनी तुमचा एकच हात आवरला," त्या म्हणाल्या. "दोन्ही आवरायला हवे होते."